जुनी चारचाकी घेताय? गावाकडच्या चालकांचे अनुभव, कागदपत्रं आणि खर्चाचा हिशोब

कापसाचे पैसे हातात आले किंवा उसाच्या टोळ्या कारखान्यावरून परत आल्या, की बीड जिल्ह्यात जुन्या गाड्यांची चौकशी वाढते. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं तर भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही. मग दीड-दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत काहीतरी बघू, असं ठरतं. गेवराई, माजलगाव, आष्टी, केज, कुठंही चहाच्या टपरीवर दोन गाडीवाले भेटले की बोलणं एव्हरेजवरून सुरू होतं आणि आपण गाडी कशी घेतली, कुठं फसलो, यावर येतं.

या गप्पांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. इंजिननं फसवलेले लोक कमी आणि कागदानं फसलेले जास्त. इंजिन खराब निघालं तर तीस-चाळीस हजारांत प्रश्न मिटतो, पण कागद अडकला की वर्षानुवर्षं गाडी दारात उभी राहते. म्हणून आधी कागद, मग गाडी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. रंग बघतात, टेप वाजवून बघतात, इसार देऊन मोकळे होतात आणि आरसी बुक शेवटी हातात घेतात.

बाँडवर गाडी विकली म्हणजे नाव बदललं असं नाही

गावाकडे अजूनही शंभराच्या बाँडवर व्यवहार होतो. आता तो शंभराचाही राहिला नाही, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात बहुतेक करारांना किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, पैसे मोजले, चावी दिली, पेढा खाल्ला, झालं. हा बाँड पैसे दिल्याघेतल्याचा पुरावा म्हणून कामाचा आहे, तो जरूर करावा. पण त्यानं गाडीची मालकी आरटीओच्या दप्तरी बदलत नाही.

याचा फटका घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्यालाही बसतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. माजलगाव भागातल्या एका शेतकऱ्यानं आपली जुनी इंडिका एका दलालाला विकली. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या दिल्या आणि विषय डोक्यातून काढून टाकला. दलालानं ती दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला दिली. नाव कुणीच बदललं नाही, विमाही कुणी भरला नाही. पुढे त्या गाडीनं एका मोटारसायकलला उडवलं आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस आली ती या शेतकऱ्याच्या घरी.

अशा प्रकरणात कायदा काय म्हणतो, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. त्यातही गाडी अनेक हातांतून गेली होती आणि आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचं नाव होतं. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निकाल लागला. अपघातात जीव गेला तर भरपाईचा आकडा लाखांत असतो. गाडी दीड लाखाला विकून दहा-पंधरा लाखांचं ओझं डोक्यावर घेण्यासारखं हे आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणं विकणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत आरटीओला विक्री कळवायची असते. गाडी दुसऱ्या राज्यात गेली तर ही मुदत ४५ दिवसांची आहे. घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. यासाठीचे फॉर्म म्हणजे नमुना २९ आणि नमुना ३०, ज्याला लोक टीटी फॉर्म म्हणतात. २९ ही विक्रीची सूचना आणि ३० हा नाव बदलण्याचा अर्ज. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन आणि फोटो लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही देणं म्हणजे कोरा चेक फाडून देणं. नाव, तारीख, गाडी नंबर भरल्याशिवाय सही करूच नये आणि भरलेल्या फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळे नियम लागू झाले आहेत. डीलरनं आरटीओकडं नोंदणी करायची, गाडी त्याच्या ताब्यात गेली की मालकानं पोर्टलवर तशी सूचना द्यायची आणि तिथून पुढं गाडीची जबाबदारी डीलरची. म्हणून डीलरला गाडी देताना तो नोंदणीकृत आहे का, एवढं विचारायला लाजू नये. टपरीवर बसून गाड्या फिरवणारा दलाल यात बसत नाही.

आता बरंचसं काम परिवहन पोर्टलवर होतं आणि ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाईलवर जातो. इथं गाडं अडतं. आरसीला जोडलेला नंबर दहा वर्षांपूर्वीचा आणि तो कधीच बंद पडलेला. केज तालुक्यातल्या एका दुकानदाराचं काम असंच सात महिने लटकलं, कारण पुण्याचा मूळ मालक फोन उचलेना. पैसे घेऊन झाल्यावर कोण कशाला धावपळ करेल? म्हणून पैसे देण्याआधी त्याचा चालू नंबर पोर्टलवर जोडून घ्यावा आणि शक्य असेल तर दहा-वीस हजार रुपये नाव बदलेपर्यंत हातात ठेवावेत. हे आधीच बोलून बाँडमध्ये लिहावं. नंतर बोललं की भांडण होतं.

आरसीवरचा बोजा

सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो तसा आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा असतो. त्याला एचपी म्हणतात. कर्ज फिटलं तरी तो आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि नमुना ३५ घेऊन आरटीओत तो काढून घ्यावा लागतो. कर्ज फिटलंय, एनओसी नंतर आणून देतो, असं विकणारा म्हणाला तर आधी एनओसी आण, मग बोलू, एवढंच उत्तर द्यावं. हप्ते थकलेली गाडी तुम्ही रोख पैसे मोजून घेतली तरी फायनान्सची माणसं ती ओढून नेऊ शकतात, आणि तुमचे पैसे कुठं गेले हे तुम्ही आणि विकणारा बघत बसता.

फायनान्सनं ओढलेल्या गाड्या लिलावात स्वस्त मिळतात. कागद सरळ असतील तर त्यात वाईट काही नाही, पण अशा गाड्या महिनोन्महिने आवारात उभ्या असतात. बॅटरी, टायर आणि डिझेल टाकी यांचा खर्च धरूनच बोली लावावी.

मालक वारलेला असेल तर वेगळं प्रकरण. मुलगा गाडी विकतोय पण आरसी वडिलांच्या नावावर, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. अशा वेळी आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी. बाकीच्या वारसांची संमती लागते. जमिनीत जशी बहीण-भावांची सही लागते तसंच हे आहे. तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, पण लोक वर्षानुवर्षं करत नाहीत. अशी गाडी नाव झाल्यावरच घ्यावी.

एम परिवहन ॲपमध्ये गाडी नंबर टाकला की पासिंगची तारीख, कितवा मालक, विमा कधी संपतो, पीयूसी, एचपी आहे की नाही, हे पाच मिनिटांत कळतं. ई-चलनही नंबर टाकून बघता येतं. पुण्या-मुंबईत फिरलेल्या गाडीवर दहा-बारा चलनं निघणं नवल नाही. ती कुणी भरायची हे सौद्यातच ठरवावं. चोरीच्या गाडीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय या संकेतस्थळावर तपासता येतं. चेसी नंबर मात्र स्वतः गाडीवर वाचून आरसीशी जुळवायचा, फोटोवर विश्वास ठेवायचा नाही.

१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ८७९ रुपये. रक्कम मोठी नाही, पण ही प्लेट नसेल तर नाव बदलणं, बोजा उतरवणं ही आरटीओची कामं अडतात. विकणाऱ्याकडूनच बसवून घ्यावी.

बाहेरच्या पासिंगची गाडी

एमएच-२३ बीडची आणि एमएच-४४ अंबाजोगाईची. पण इथं फिरणाऱ्या जुन्या गाड्यांत एमएच-१२ आणि १४ ची भरती मोठी आहे. पुणे-पिंपरीचा माणूस पाच-सहा वर्षांत गाडी बदलतो, तीच आपल्याकडे येते. शहरी गाडीचा पत्रा सहसा चांगला असतो, पण ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून चालवलेली असते. क्लच प्लेटचा खर्च धरून चालावं. मुंबई-कोकणातली गाडी असेल तर खालून पत्रा बघावा. खाऱ्या हवेनं दरवाज्याच्या खालची बाजू आणि फ्लोअर सडलेला असतो. दुसऱ्या आरटीओची गाडी आपल्या पत्त्यावर आणायची तर नमुना २८ ची एनओसी मागून घ्यावी, हे काम मूळ मालकच लवकर करू शकतो.

दिल्लीच्या गाडीचा मोह वेगळाच. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं ती २०१८ मध्ये उचलून धरली आणि नंतरही त्यावर सुनावण्या होत राहिल्या. त्यामुळं मोठ्या एसयूव्ही तिथं निम्म्या भावात दिसतात. इथं आणल्यावर महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो, एनओसी लागते, नवा नंबर घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही. मूळ राज्याकडून कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी तिकडं हेलपाटे कोण घालणार? कर, वाहतूक, एजंट सगळं मिळवलं की स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही. ज्यांनी अशा गाड्या आणल्या त्यातले निम्मे अजून दिल्लीच्याच नंबरवर फिरतात आणि हायवेवर पोलीस दिसला की गाडी गल्लीत घालतात.

गाडी बघायला जाताना

सकाळी जावं आणि आपण येईपर्यंत गाडी चालू करू नका असं आधीच सांगावं. गार इंजिन खरं बोलतं. बोनेटवर हात ठेवून बघावा, गरम लागलं तर समजावं की आधी चालू करून ठेवली आहे. सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जातंय, म्हणजे हेड गॅस्केटचा संशय. डिझेल गाडीनं जोर दिल्यावर सारखा काळा धूर मारला तर इंजेक्टर किंवा टर्बोकडं बघावं लागेल. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडून बघतात, भकाभका धूर येत असेल तर मिस्त्री त्याला बॅक मारतंय म्हणतात आणि ते इंजिन कामाला आलेलं असतं. झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी गेलेलं असू शकतं.

मीटरवरच्या किलोमीटरवर भरवसा ठेवण्याचे दिवस गेले. मीटर मागं फिरवणारे तालुक्यालाही सापडतात. बैल घेताना दात बघतात तसं गाडीत क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगची गुळगुळीत झालेली जागा आणि ड्रायव्हर सीटचा दबलेला फोम बघावा. मीटर ४५ हजार दाखवतंय आणि पेडलचं रबर पार झिजलंय, हे जुळत नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला. टायर दोनदा बदललेत आणि गाडी तीस हजारच चाललीय असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्यावं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर सांगितला तर जुन्या सर्व्हिसची नोंद बऱ्याचदा मिळते. विकणाऱ्याला सोबत घेऊन गेलं की काम सोपं होतं.

ठोकलेली गाडी ओळखायला दरवाज्याचं रबर ओढून आतला पत्रा बघावा. कंपनीचे वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर असतात. ते नसतील, लांबी भरलेली असेल किंवा रंगाचे शिंतोडे असतील तर तो भाग बदललेला आहे. बोनेट आणि मडगार्डच्या बोल्टवर पान्ह्याच्या खुणा दिसल्या तर विचारावं. दरवाजा ठोकलेली गाडी घ्यायला हरकत नाही, गावाकडं गोठ्याच्या दारात गाडी घासतेच. पण पुढची चेसी, एप्रन किंवा छताचे खांब वाकलेले असतील तर कितीही स्वस्त असली तरी सोडावी. अशी गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि टायर आतून खाते.

पुराच्या गाडीचं वेगळं सांगायला हवं. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर, एवढ्या पुरांत पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येणारच. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, मातीचा पट्टा तिथं राहतो. सीटखालच्या रुळांना गंज, कार्पेटखाली गाळ, हेडलाइटमध्ये वाफ, स्टेपनीच्या खड्ड्यात चिखल आणि आत कुबट वास, ही लक्षणं. बाहेरून चकाचक आणि आत अत्तर मारलेली गाडी असेल तर जास्तच बघावं. पाण्यात गेलेल्या गाडीचं वायरिंग सहा महिन्यांनी त्रास द्यायला लागतं आणि मग तो त्रास संपत नाही.

चालवून बघताना डांबरी रस्त्यावरच नाही तर खड्ड्याच्या पांदीनंही न्यावी. खालून खडखड आवाज आला तर सस्पेन्शनचे बुश, लिंक गेलेत. हॅन्डब्रेक लावून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडावा, इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक, फिरत राहिलं तर प्लेट संपलेली. आपल्या ओळखीचा मिस्त्री पाचशे-हजार रुपये देऊन सोबत न्यावा. विकणाऱ्यानंच सुचवलेला मिस्त्री म्हणजे कोंबडी राखायला कोल्हा. आजकाल स्कॅनर लावूनही बघतात, इंजिनच्या दिव्यातले जुने दोष त्यात दिसतात.

कोणती गाडी, कुणासाठी

अल्टो आणि वॅगनआर वापरणाऱ्यांची तक्रार सर्वात कमी. तालुक्याच्या कुठल्याही दुकानात पार्ट मिळतो आणि कुठलाही मिस्त्री उघडून बसवतो. पुण्याहून पार्ट मागवून गाडी चार दिवस उभी राहिली, हे या गाड्यांत सहसा होत नाही. उंच माणसाला आणि म्हाताऱ्यांना चढा-उतरायला वॅगनआर बरी. तिला भाव जास्त मिळतो तो याचसाठी.

स्विफ्ट-डिझायरच्या जुन्या डिझेल मॉडेलवर अजून लोकांचा जीव आहे. त्यातलं १.३ लिटरचं फियाटचं इंजिन टाटाच्या काही गाड्यांतही होतं, त्याला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे आणि मिस्त्री लोकांच्या हाताखालून ते हजारदा गेलंय. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, म्हणजे या गाड्या आता किमान पाच-सहा वर्षं जुन्याच मिळणार. त्यातल्या बऱ्याच टॅक्सीत पळालेल्या असतात. आरसीवर आधी पिवळ्या पाटीची नोंद होती का, हे बघावं. टॅक्सीत तीन लाख किलोमीटर झालेली गाडी पांढरी पाटी लावून फॅमिली गाडी म्हणून विकली जाते.

बोलेरो हा वेगळा विषय. २००० सालापासून ती चालू आहे आणि पांदीला, वस्तीवर, खताच्या गोण्या टाकून न्यायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण दहा वर्षं जुन्या बोलेरोलाही मालक सोन्याचा भाव सांगतो. आष्टी भागातल्या एका दूधवाल्यानं हिशोब करून बोलेरोऐवजी इको घेतली. दुधाचे कॅन बसतात, पेट्रोल-सीएनजी दोन्ही चालतं आणि घेताना पैसेही कमी लागले. पावसाळ्यात चिखलात अडकते, हे तोही मान्य करतो.

बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या फार स्वस्त दिसतात. शेवरोलेची विक्री २०१७ अखेर बंद झाली, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. गाड्या वाईट होत्या असं नाही, फोर्डचं डिझेल चालवणारे आजही तिचं कौतुक करतात. पण आरसा फुटला तर शोधायचा कुठं, हा प्रश्न आहे. संभाजीनगर-पुण्याला येणं-जाणं असणाऱ्यानं घ्यावी, वस्तीवर राहणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

२०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी घेत असाल तर तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते. गाव ते तालुका आठ किलोमीटर एवढंच चालवलं तर जाळी तुंबते आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस गप्प होतो.

सीएनजी बाहेरून बसवलेली असेल तर आरसीवर तशी नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी. नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

महिन्याचा खर्च किती

लोक घेण्याच्या किमतीवर घासाघीस करतात आणि ठेवण्याच्या खर्चाकडं बघत नाहीत. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणारं घर धरा. पेट्रोल १०५ रुपये आणि १५ चं एव्हरेज धरलं तर ४० लिटर, ४,२०० रुपये. डिझेल ९२ रुपये आणि २० चं एव्हरेज धरलं तर ३० लिटर, २,७६० रुपये. महिन्याला १,४४० आणि वर्षाला सव्वासतरा हजार वाचले. पण जुन्या डिझेलचे इंजेक्टर किंवा टर्बो एकदा काढले की दोन-तीन वर्षांची बचत जाते. कमी चालवणाऱ्यानं पेट्रोलच घ्यावं. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला डिझेल किंवा सीएनजीचा हिशोब जुळतो.

विम्यात थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरानं १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे अल्टोला साधारण २,४७१ आणि स्विफ्टला ४,०३१ रुपये. एवढ्यासाठी विमा न भरता फिरणं हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण भरपाई द्यायची वेळ आली तर जमीन विकावी लागते.

गाडी घेतल्यावर विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला कळवावं लागतं. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. गेवराईच्या एका शिक्षकानं गाडी घेतल्यावर दोन महिन्यांत झाडाला धडकवली. पॉलिसी चालू होती, पण जुन्या मालकाच्या नावावर. क्लेम फेटाळला गेला आणि ६५ हजार खिशातून गेले. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो गाडीचा नसून माणसाचा असतो.

पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर आणि रंग-दुरुस्तीचा खर्च वेगळा. २०११-१२ ची गाडी ऐंशी हजारांत मिळतेय म्हणून घेणाऱ्यानं हा खर्च लगेच दारात उभा आहे, हे ध्यानात ठेवावं.

भाव ठरवताना

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी तेवढी स्वस्त झाली, तर जुनीही खाली यायला हवी. पण बरेच विकणारे अजून आधीचाच भाव सांगतात. नव्या गाडीची आजची किंमत शोरूमला फोन करून विचारावी आणि मगच बोलणी करावी. माणसा-माणसांतल्या व्यवहाराला जीएसटी नाही. डीलरला तो त्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. त्यामुळं पूर्ण रकमेवर १८ टक्के मागणाऱ्याला हिशोब विचारावा.

जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो. पतसंस्थेचं कर्ज पटकन मिळतं पण महाग पडतं. दोन लाखांच्या गाडीसाठी पाच वर्षांचं कर्ज काढू नये. गाडी म्हातारी होते आणि हप्ता तरणाच राहतो.

इसार पाच-दहा हजारांच्या वर देऊ नये. इसारपावतीवर गाडी नंबर, चेसी नंबर, ठरलेली किंमत, चलनं आणि एनओसी कुणी द्यायची, आणि कागद चुकीचे निघाले तर इसार परत, एवढं लिहून घ्यावं. बाकीची रक्कम रोख न देता बँकेतून आरसीवर नाव असलेल्याच्याच खात्यावर टाकावी. दलालाच्या मेव्हण्याच्या खात्यावर टाकलेले पैसे पुढं कुणाकडं मागणार?

ऑनलाइन जाहिरातीत सैनिक आहे, बदली झालीय, गाडी पार्सलनं पाठवतो, आधी डिपॉझिट टाका, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यावा. गाडी आणि माणूस दोन्ही समोर असल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

गाडी दारात आल्यावर पहिल्या आठवड्यात ऑइल, फिल्टर, कूलंट बदलून घ्यावं, आधीचं कधी बदललं यावर विसंबू नये. टायमिंग बेल्टची गाडी असेल आणि बेल्टची पावती मिळाली नाही तर तोही बदलावा, तुटला तर इंजिन उघडावं लागतं. जुन्या मालकाचा फास्टॅग काचेवरून काढून त्याला बंद करायला सांगावा आणि नाव बदललं की आपल्या नावावर नवा घ्यावा. विकणाऱ्यानंही हे स्वतःहून करावं, नाहीतर पाडळसिंगीच्या टोलनाक्यावर दुसऱ्याच्या गाडीचे पैसे आपल्या खात्यातून कटत राहतात. नवीन आरसी पोस्टानं पत्त्यावर येते, ती येईपर्यंत अर्जाची पावती गाडीतच ठेवावी.